भार पडला म्हणजे

घरातील एखादे यंत्र बंद पडले की ते कोणी बिघडविले, हा प्रश्न आपल्या मनात आधी येतो. काय बिघडले, हे आपण मागाहून विचारतो. या खोडीपायी गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक अन्याय घडला. तो वाचकांपुढे मोकळेपणाने मांडावा, असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

मजजवळ एक जुनी जीप आहे. बेळगावहून जांबोटी-कणकुंबीकडील वाड्यांवर जावयाचे झाल्यास आमच्या धर्मग्रामाला तिचा उपयोग होतो. पावसाळ्यात चिखलाची चढण चढताना चाकांतील हवा थोडी उतरवावी लागते व डांबरी सडकेला लागल्यावर ती पुन्हा भरावी लागते. त्या वाटेवर रात्री-अपरात्री हवा भरून देणारा कोठून मिळणार? म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा काँप्रेसर मी विकत आणला आणि मेस्त्रीला मजुरी कशाला द्यावयाची, या विचाराने तो स्वतःच बसविला. मदतीला माझा पुतण्या होता. तो आय. टी. आय. मध्ये शिकतो.

रचना तशी साधी असते. बॅटरीच्या धन टोकापासून जाड तार निघते. टोकाजवळच तिच्यावर फ्यूज असतो. पुढे रिले असतो. काँप्रेसरचा सारा प्रवाह रिले वाहतो, म्हणून हाताखालच्या लहान बटणावर त्याचा ताण येत नाही. काँप्रेसरची दुसरी तार गाडीच्या चासीला बोल्टने जोडली की वीज लोखंडातूनच बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाते. आमचा काँप्रेसर ३० अँपियर घेणारा, म्हणून तार ६ चौरस मिलिमीटरची व फ्यूज ४० अँपियरचा घेतला. तारा सोलणे व त्यांच्या टोकांना थिंबल दाबून बसविणे पुतण्याने केले. चासीचा बोल्ट मी आवळला. बटण दाबताच यंत्र घरघरू लागले. मला कोण अभिमान वाटला!

जुलै महिन्यात एका रात्री दूरच्या वाडीवरून निरोप आला. एक वृद्ध बाई अत्यवस्थ होत्या. फादरांना घेऊन मी निघालो. वाटेत मागच्या चाकात खिळा शिरला व हवा हळूहळू उतरू लागली. उताराच्या चिखलात जॅक उभा राहीना, तेव्हा स्टेपनी बदलणे अशक्य होते. हवा भरून पुढे जावे, एवढाच मार्ग उरला. इंजिन बंद करून मी काँप्रेसर लावला. १५ पौंडांपर्यंत काटा चढला. हवा किती भरली ते नीट पाहावे म्हणून क्षणभर यंत्र थांबविले आणि पुन्हा बटण दाबले, तो ते नुसते गुरगुरले आणि फ्यूज उडाला. दुसरा फ्यूज घातला, तोही गेला. अखेर जुना पायपंप काढला. भर पावसात फादरांनी झगा वर खोचला आणि आम्ही आळीपाळीने पंप मारू लागलो. अर्धा तास तेथेच गेला.

देवाच्या कृपेने आम्ही पोहोचलो तेव्हा बाई शुद्धीवर होत्या. त्यांनी रुग्णाभ्यंग संस्कार घेतला, मुलांना आशीर्वाद दिला आणि पहाटेपूर्वी शांतपणे डोळे मिटले. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झाले असते, या विचाराने परतीच्या वाटेवर मी अस्वस्थ झालो. त्या अस्वस्थतेचा मी राग करून टाकला. "त्या पोराने थिंबल नीट दाबले नाही, दुसरे काय!" असे मी फादरांना म्हणालो. त्यांनी काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी तेच शब्द मी पुतण्याला त्याच्या आईसमोर ऐकविले. "काका, मी सगळी जोडणी पुन्हा तपासून देतो," एवढेच तो म्हणाला. मी त्याला गाडीला हात लावू दिला नाही. त्यानंतर रविवारच्या मिस्सानंतर तो आमच्याकडे चहाला येईनासा झाला.

मी एकटाच दुरुस्तीला बसलो. त्याची थिंबले ओढून पाहिली, एकही हलेना. मीटर लावून पाहिले, तर काँप्रेसरच्या तारांवर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरीइतकेच. सारे ठीक दिसे, पण चाक जोडून यंत्र चालविले की दाब वाढताच फ्यूज उडे. तेव्हा ६० अँपियरचा फ्यूजच घालावा, असे मी ठरविले. तो आणावयास गेलो असता आमच्या आळीतील म्हातारे वायरमन भेटले. त्यांनी मला तेथेच अडविले. "फ्यूज तारेला राखायला असतोय वो. तो मोठा केलासा की मग तारच फ्यूज होते, आणि गाडी पेटते." मग त्यांनी विचारले, "व्होल्ट मोजताना लोड होता काय?"

लोड नव्हता. काँप्रेसर बंद ठेवूनच मी मोजले होते.

ते माझ्यासोबत घरी आले. इंजिन सुरू करून त्यांनी काँप्रेसर चाकाला जोडला व तो चालू असतानाच मोजमाप घेतले. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते. काँप्रेसरपाशी अवघे ११. वाटेत २.८ व्होल्ट हरवले होते. मग त्यांनी मीटरची एक टाचणी बॅटरीच्या धन टोकावर व दुसरी काँप्रेसरच्या धन तारेवर ठेवली. माझ्या पुतण्याने जोडलेल्या त्या साऱ्या वाटेत, फ्यूज आणि रिले धरून, केवळ अर्धा व्होल्ट खर्च होत होता. तेवढा व्हावयाचाच. नंतर त्यांनी ऋण बाजू मोजली. तेथे २.३ व्होल्ट! "त्या बोल्टाला हात लावा," ते म्हणाले. मी हात लावला व चटकन मागे घेतला. बोल्ट तापला होता. तो मीच आवळला होता.

बोल्ट काढला तेव्हा उलगडा झाला. तो मी चासीच्या रंगावरच बसविला होता. रंगातून वीज वाहत नाही. आट्यांच्या कडेला जेथे कोठे लोखंड उघडे पडले, तेवढ्याच चिंचोळ्या वाटेने ३० अँपियरचा प्रवाह जाऊ पाहत होता. यंत्र रिकामे असताना ते कसेबसे निभावे. भरत्या दाबापुढे मात्र अपुऱ्या व्होल्टांवर मोटर अडे, आणि अडलेली मोटर चालत्या मोटरीहून पुष्कळ अधिक प्रवाह ओढते. त्याने फ्यूज उडे. त्या रात्री इंजिन बंद असल्याने बॅटरीचे बळही कमी होते, आणि भरल्या दाबाविरुद्ध यंत्र पुन्हा सुरू करणे हे तर त्याच्यावर सर्वांत मोठे ओझे.

आम्ही रंग खरवडला, पॉलिश पेपरने लोखंड लख्ख केले, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला व वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजले: २.३ च्या जागी ०.२. काँप्रेसर एका दमात ३० पौंडांपर्यंत गेला. वायरमननी मजुरी घेतली नाही. चहा मात्र घेतला.

व्होल्ट हे माप ज्यांच्या नावाचे, ते इटलीचे अलेस्सांद्रो व्होल्टा, आणि अँपियर ज्यांच्या नावाचे, ते फ्रान्सचे आंद्रे-मारी अँपियर, दोघेही श्रद्धावंत कॅथलिक होते. व्होल्टांनी १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे ठेवली. त्या रात्री झोपण्यापूर्वी विवेकपरीक्षण करू लागलो, तेव्हा त्यांच्याच मापाने माझी झडती घेतल्यासारखे वाटले. रोज रात्री मी स्वतःला तपासतो खरा. पण तो दिवसाचा भार उतरल्यावर, घर शांत असताना. तेव्हा माझ्याही काट्यावर १२.६ दिसतात! वाळूवरचे घर आणि खडकावरचे घर यांची प्रभूने सांगितलेली गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऊन असेपर्यंत दोन्ही घरे सारखीच दिसली असतील. त्या चिखलात मजवर भार पडला, आणि माझ्या धीराच्या व न्यायबुद्धीच्या खाली नुसता रंग होता, हे उघड झाले.

प्रायश्चित्त संस्कार तर घेतलाच, पण फादरांनी हळूच विचारले, "पुतण्याला भेटलात का?" त्याच संध्याकाळी मी वहिनींच्या घरी गेलो. ज्यांच्यासमोर बोललो होतो, त्यांच्यासमोरच म्हणालो, "चूक माझी होती. तुझे काम चोख होते." पोरगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, बॅटरीपासून चासीला येणारी जाड पट्टीपण एकदा बघूया. ती जुनी आहे."

आता ती पट्टी त्याच्याच हातून बदलून घेतली आहे. रविवारच्या चहालाही तो पूर्ववत् येऊ लागला आहे.