घर पाहावे पावसाळ्यात

काचीगुड्याच्या आमच्या वडिलोपार्जित घराची वाटणी झाली, आणि वाट्याला आलेल्या रकमेत त्याच भागात दुसरे घर मिळणे शक्य नाही, हे पहिल्या आठ दिवसांतच कळून चुकले. आजोबा निजामी राजवटीत नोकरीसाठी परभणीहून येथे आले. मनमाडहून नांदेड-परभणीच्या मुलखातून येणारी मीटर गेज गाडी काचीगुड्यास थांबे. सुलतान बाजार, बडी चावडी, गौळीगुडा हा सारा टापू पायी फिरण्याजोगा. विवेकवर्धिनीसारखी मराठी शाळा जवळ. अशा ठिकाणी आपली माणसे का रुजली, हे निराळे सांगावयास नको. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा नात्यातली काही बिऱ्हाडे औरंगाबादेस गेली. आम्ही मात्र राहिलो.

आता प्रश्न होता तो शहराच्या कोणत्या टोकास जावयाचे हा. मुलाची नोकरी हायटेक सिटीत, माझी शाळा मलकपेटेच्या बाजूस आणि निवृत्तीस अजून तीन वर्षे. सौभाग्यवतींची अट एवढीच, की सकाळी नळाला पाणी असावे. आईचे वय 82. तिने कोणतीच अट घातली नाही, फक्त एकदा विचारले, "अरे, तिथून पुस्तक बदलायला कसं जायचं?" इसामिया बाजारातले मराठी ग्रंथसंग्रहालय 1922 सालचे. आई लग्न होऊन आली त्या वर्षापासून त्याची वाचक. तिच्या प्रश्नाला त्या दिवशी मी हसण्यावारी नेले.

शहराच्या आग्नेय बाजूस एक मोकळा भूखंड स्वस्तात मिळत असल्याचे एका दलालाने सांगितले. मार्च महिना होता. जागा सपाट, रस्ते आखलेले, कोपऱ्यावर कडुनिंब. समोर विस्तीर्ण गवताळ मैदान, त्यात म्हशी चरत होत्या. मी सहज विचारले, "पावसाळ्यात पाणी वगैरे साचते काय?" दलाल हसून म्हणाला, "पानी किदर का साब, सूखी ज़मीन है, क्रिकेट खेलते बच्चे." मलाही ते पटले. तेथे स्वतंत्र घर होईल, अंगणात तुळस लावता येईल, अशी चित्रे मी मनाशी रंगवू लागलो. इसाराची रक्कमही बँकेतून काढून आणली.

इसार देण्यापूर्वी आईला जागा दाखवावी म्हणून रविवारी तिला रिक्षाने घेऊन गेलो. भूखंडाच्या अलीकडे एक लांबट उंचवटा लागला, त्यावर रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला हळदीकुंकवाने माखलेले एक लहानसे देऊळ. आईने रिक्षा थांबवावयास लावली, हात जोडले, आणि मजकडे वळून म्हणाली,

"अरे, ही कट्ट मैसम्मा. तळ्याच्या बांधावरची देवी. देवी इथं आहे, मग तळं कुठं गेलं?"

तेलुगूत 'कट्ट' म्हणजे बांध. आपला 'कट्टा' त्याच्या नात्यातला असावा, पण एम.ए.ला भाषाशास्त्र शिकलेल्या मला ते त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते! साठ वर्षे तेलुगू शेजारणींबरोबर बोनालु पाहिलेल्या आईला ते एका दृष्टिक्षेपात उमगले. आम्ही ज्यावर उभे होतो तो तलावाचा बांध होता आणि म्हशी चरत होत्या तो तलावाचा तळ. चहाच्या टपरीवरील एका वृद्ध गृहस्थास मी विचारले. ऑक्टोबर 2020 मध्ये याच रस्त्यावर कमरेइतके पाणी होते आणि पलीकडच्या घरांतून माणसे नावेने काढावी लागली, असे त्यांनी शांतपणे सांगितले. इसाराची रक्कम मी तशीच परत आणली. दलालाचा राग आला हे खरे. पण त्याहून अधिक स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर मी हे शहर नव्याने वाचावयास बसलो. दख्खनच्या या खडकाळ पठारावर जुन्या राजवटींनी शेकडो तलाव बांधले, आणि तेही सुटे नव्हेत, तर साखळीने. वरचा भरला की त्याचे पाणी ओढ्याने खालच्यात, तेथून त्याखालच्यात, अखेरीस मुसीत. या साखळीतील एखादी कडी बुजवून तीवर घरे उभी केली म्हणून पाणी आपली वाट विसरत नाही. 13 ऑक्टोबर 2020 च्या पावसात सरूरनगर तलावाखालच्या वस्त्या बुडाल्या. त्याच आठवड्यात बालापूरजवळ गुर्रम चेरुवूचा बांध फुटला. जुन्या वस्तीतले आपणही फार शहाणे होतो असे नव्हे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला आलेला पूर, ज्याला जुने हैदराबादी 'तुगयानी' म्हणत, त्याने नदीकाठचे निम्मे शहर धुऊन नेले. त्यानंतरच विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले आणि उस्मानसागर व हिमायतसागर ही धरणे झाली.

ज्यांना घर घ्यावयाचे आहे त्यांनी निदान नावे तरी कान देऊन ऐकावीत. नावात 'चेरुवु' असेल तर तलाव, 'कुंटा' असेल तर लहान तळे. वस्तीच्या पाटीवर हा शब्द दिसला की थांबून चौकशी करावी. दुसरे, महानगर विकास प्राधिकरणाने तलावांचे नकाशे केले आहेत. तलाव पूर्ण भरला असता पाणी जेथवर पोहोचते ती रेषा, कचेरीतल्या भाषेत एफ.टी.एल., त्यांत दाखविलेली असते. दहा हेक्टरांहून मोठ्या तलावाच्या या रेषेबाहेरही तीस मीटर आणि लहान तलावाच्या बाहेर नऊ मीटर बांधकामास मनाई आहे. नोंदणीकृत खरेदीखत हाती आहे म्हणून निश्चिंत राहू नये. जुलै 2024 मध्ये स्थापन झालेल्या 'हैड्रा'ने तलावांतील बांधकामे पाडावयास घेतली, तेव्हा रीतसर नोंदणी केलेल्या कित्येकांचे डोळे उघडले. आणि जागा मार्चमध्ये नव्हे, भर पावसात, शक्य तर रात्रीच्या मुसळधार सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावी. भिंतींवरील ओल दलालापेक्षा खरे बोलते.

शेवटी आम्ही कुकटपल्ली हाऊसिंग बोर्ड वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांची सदनिका घेतली. अंगण नाही. तुळस खिडकीच्या जाळीत आहे. मुलाचा प्रवास निम्म्याने कमी झाला. माझा वाढला, पण तो तीनच वर्षांचा. निर्णय झाला तो आईच्या त्या पहिल्या प्रश्नावर. मियापूर ते एल. बी. नगर ही मेट्रो 2018 च्या सप्टेंबरापासून सलग धावते आणि वाटेत कोठीस, उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्थानकावर थांबते. तेथून इसामिया बाजार जवळच. गाडी बदलावी लागत नाही.

तरीही येथे काही उणे आहे, हे लपवीत नाही. मजल्यावरची कुटुंबे गुंटूरची, विजयवाड्याची, एक ओडिशाचे. माणसे सज्जन आहेत. आईचे तेलुगू त्यांच्याहून सुरस आहे असे तीच सांगतात. पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यंदा मराठी बोलणारी एकच बाई आली, तीही निजामपेटेहून बस करून.

महिन्यातून एका रविवारी नात आजीला घेऊन जाते. कुकटपल्लीच्या स्थानकापासून कोठी पंधरावे, हे आईने मोजून ठेवले आहे. एर्रागड्डा, खैरताबाद, नामपल्ली अशी नावे ती मोठ्याने म्हणते आणि प्रत्येकाचा अर्थ नातीला विचारते. गेल्या खेपेस तिने दोन कादंबऱ्या आणल्या आणि मला बजावले, "पुढच्या वेळी जुलैत जाऊ. त्या तळ्यावरून वळसा घालून ये. पाणी आलं का बघायचंय मला."