सातवं वर्ष

रविवार, रात्र. उपासनेनंतर पास्टोरेट कमिटी बसली. पाळकसाहेबांना तीन महिन्यांची रजा द्यायची, एवढाच विषय. पण दोन तास गेले. "मग अंत्यविधी कोण करणार?" यावरच सगळे अडले. मला गेल्या पावसाळ्यातले साहेब आठवत होते. एका आठवड्यात तीन अंत्यविधी, मध्येच एक लग्न, आणि रविवारी उपदेश. आवाज पार बसला होता, तरी उभे राहिले.

बायबलमधल्या लेवीयच्या 25व्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला सांगितलंय. पेरणी नाही, छाटणी नाही. आपण शेतकऱ्यांची पोरं. जमिनीचा शीण कळतो, मग माणसाचा का कळू नये?

शेवटी ठरलं. ईस्टर झाल्यावर जूनमध्ये निघायचं, नाताळच्या तयारीआधी परतायचं. पगार चालू. प्रभुभोजनाला शेजारच्या मंडळीचे पाळक येतील, उपदेश आम्ही वाटून घेऊ. त्या काळात साहेबांना कुणी फोन करायचा नाही, हे मी हट्टाने इतिवृत्तात लिहून घेतलं.

घंटा वाजवणाऱ्या मामांची रजा मात्र राहिली. 22 वर्षांत त्यांचा एकही रविवार चुकलेला नाही. पुढच्या बैठकीत पहिला विषय त्यांचा.