वलगाव ते गाविलगड : म्हशींच्या चराईचा प्रश्न

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की पेढीकाठी वलगाव लागते. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी इथेच देह ठेवला. निर्वाणभूमीला हात जोडून प्रवासी चिखलदऱ्याची वाट धरतात. बाबांनी लहानपणी दापुऱ्याला गुरे राखली होती, हे मात्र फारसे कुणाच्या मनात येत नाही. पेढी पुढे पूर्णेला मिळते. त्या पूर्णेच्या थडीवरची भुरी, दाट दुधाची म्हैस ‘पूर्णाथडी’ या नावाने देशाच्या अधिकृत जातींत नोंदली गेली आहे. नोंदीचा आनंद आहेच. पण म्हैस वाचवायची तर तिची चराई आणि तिला राखणारा माणूसही वाचवावा लागेल.

परतवाडा सोडून घाट चढला की गवळ्यांचा मुलूख येतो. चिखलदऱ्याच्या भीमकुंड, देवी पॉइंट यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत; तिथले वाटाडे महाभारतातल्या कीचकवधावरच थांबतात, गवळ्यांविषयी अवाक्षर काढत नाहीत. जवळचा गाविलगड किल्ला 1425 मध्ये अहमदशहा बहमनीने बांधला, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. तट त्याचा असेल, पण डोंगर त्याआधी गवळ्यांचा होता ही लोकपरंपरा तेवढ्याने खोटी ठरत नाही. म्हशी राखणारे लोक दरबारी बखरी लिहून ठेवत नाहीत. गवळ्यांची ही चराई पुढे आटली; ती गेली कशी, याचे उत्तर इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी एकोणिसाव्या शतकातील गुराढोरांच्या इतिहासात शोधले आहे: 1853 नंतर इंग्रजी अमलात कापसाने माळराने खाल्ली आणि राखीव जंगलाने उरलेली वाट अडवली. हे पटते, तरी सगळा दोष इंग्रजांवर टाकता येत नाही. वलगावच्या परिसरात आज ई-क्लास, म्हणजे गावच्या चराईच्या सरकारी, जमिनीवर होणारी अतिक्रमणे आपलीच आहेत, आणि चराईवर निर्बंध आणणारा मेळघाटचा व्याघ्रप्रकल्पही स्वतंत्र भारतातला.

चराईने जंगल उजाड होते, वाघाला जागा उरत नाही, हा आक्षेप खरा आहे. बेबंद चराई रोपे उठू देत नाही. पण जंगल राखायचे कुणी, याचे उत्तर घाटाच्या पायथ्याशी पायविहीर गावच्या कोरकू आदिवासींनी दिले आहे. 2012 मध्ये 193 हेक्टर उजाड वनावर सामूहिक हक्क मिळताच गावाने झाडे लावली, राखण केली आणि सीताफळ मुंबईपर्यंत पोहोचवले. हक्क मिळाला की माणूस नियम पाळतो, इतरांकडून पाळूनही घेतो. तिकडे उत्तर अमेरिकेच्या माळरानांवरील मूळ जमातींनी 2014 मध्ये बायसन परत आणण्याचा करार केला, तेव्हा जनावर, जमीन आणि समाज यांचा विचार त्यांनी एकत्रच केला. आपल्या 2006 च्या वनहक्क कायद्यातही चराईचा हक्क आहे. गवळी मात्र अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. कळपामागे फिरणाऱ्याने तो कुठून आणायचा? वृद्धांची साक्ष कायद्याला चालते. ती नोंदवून घ्यायला ग्रामसभांनी पुढे यावे. आणि वलगावसारख्या गावांनी आपली ई-क्लास जमीन मोजून, अतिक्रमण काढून, ती चराईसाठी राखण्याचा ठराव येत्या ग्रामसभेतच करावा.