इनामगावचा पाट

ती. स्व. आप्पाकाका यांस,


फोनवर तुम्ही म्हणालात, "आपल्याकडं बागायत आली ती धरणाची चारी आल्यावर. त्याआधी नुसती कुसळं." फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून भांडण कागदावर.

शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव तुम्हाला ठाऊकच आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथली पांढर उकरली. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी माणसं. शंभराहून जास्त घरं सापडली. इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमाराला वसलेलं ते गाव साधारण 700 पर्यंत नांदलं. लोखंड ठाऊक नव्हतं. तांबं होतं, पण थोडं. कापायला गारगोटीसारख्या दगडाची पाती.

ते पिकवत काय होते, हे आगीमुळं कळलं. चुलीत, बळदात जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही. असे दाणे मातीतून वेगळे केले तेव्हा त्यात जव सगळ्यात पुढं निघाला. शिवाय गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. जव म्हणजे रब्बी. पाऊस सरल्यावर ओल कुठून आणायची, हा तुमचाच प्रश्न त्यांनाही होता.

आणि त्यांनी पाट खणला, आप्पा! सुमारे 4 मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल, कडेला दगडमातीचा बांध. पुराचं पाणी वळवून शेतीसाठी वापरायची ही सोय, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. लोखंडी कुदळीशिवाय तेवढी माती काढायची म्हणजे एका घराचं काम नव्हे. कुणीतरी माणसं गोळा केली असणार, खाडे करणाऱ्यांना झापलं असणार.

तो 'कुणीतरी' बहुधा सापडलाही आहे. पाच खोल्यांचं एक मोठं घर, शेजारी धान्याचं कोठार. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस. बाकीच्या मोठ्या माणसांना आडवं पुरत, तेही पावलं तोडून. याची मात्र पावलं शाबूत. ढवळीकर त्याला गावचा प्रमुख मानतात. मला विचाराल तर पाण्याची पाळी ठरवणाराही तोच असावा. हा माझा तर्क, पुरावा नाही. पण कोठार ज्याच्या दारात, त्याचा पाण्यावर शब्द चालत नसेल, हे मला पटत नाही.

इ. स. पू. 1000 नंतर मात्र हवामान कोरडं होत गेलं, असं ढवळीकर मांडतात. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली. नदीलाच पाणी नसेल तर पाट काय करणार? तीनशे वर्षं त्यांनी तसंच रेटलं आणि शेवटी गाव उठलं.

आता तुमच्याकडून एक हवंय. पाणीवापर संस्थेत तुम्ही इतकी वर्षं पाळ्या लावल्या. दर पावसाळ्यानंतर तेवढ्या रुंदीच्या चारीतला गाळ काढायला, यंत्र न लावता, किती माणसं लागतील? त्यावरून त्या गावात कामाचे किती हात असावेत, याचा अंदाज मला बांधायचाय. काकूंना नमस्कार.

तुमची,
सुमी