वेलांटीमागचे हात

मांजरसुंब्याच्या चौकात बीड, सोलापूर, पाटोदा आणि केजचे रस्ते मिळतात. तिथंच मी मराठी मजकूर जुळवून देतो: लग्नपत्रिका, अर्ज, ग्रामपंचायतीच्या नोटिसा. या धंद्यात नजर मजकुराच्या आधी अक्षरावर जाते.

'कपिलधार' लिहिताना मी आधी 'प' दाबतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी 'प'च्या आधी येते. 'महामार्ग'मधला 'र' रफार होऊन 'ग'च्या डोक्यावर चढतो. 'शेतकऱ्यांना'मध्ये रफार चालत नाही. तिथं 'य'ला डावीकडून चिकटलेली बाकदार रेघच हवी. संगणकात युनिकोडचे क्रमांक उच्चाराच्या क्रमानं साठवलेले असतात. त्यांतून योग्य जोडाक्षर उभं करते 'हार्फबझ' ही मुक्त प्रणाली. बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरनं तिला आकार दिला. तिचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा, पैसे न मोजता वापरावा. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळ्यांच्या पोटात ती आहे. फॉन्टही तसेच खुले मिळतात: रेड हॅटचा 'लोहित', मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता'.

पूर्वी प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे असायचे. इथली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी निरर्थक चिन्हं दिसत. आज इथं टाइप केलेली नोटीस ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर जशीच्या तशी उमटते. सहा-सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या आमच्या लोकांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

हे सगळं मोजक्या माणसांच्या श्रमावर चालतं. २०१४ मध्ये संकेतस्थळांना सुरक्षा देणाऱ्या ओपनएसएसएल या अशाच मुक्त प्रणालीतला 'हार्टब्लीड' दोष उघड झाला, तेव्हा जगभरच्या संकेतस्थळांची सुरक्षा किती थोडे लोक सांभाळत होते, हे सर्वांना कळलं.

म्हणून कुठं जोडाक्षर फुटलेलं दिसलं की दुसरा फॉन्ट लावून मी पुढं जात नाही. तो शब्द, फॉन्टचं नाव, आवृत्ती आणि पडद्याचं चित्र 'हार्फबझ' सांभाळणाऱ्यांना पाठवतो. त्यांना मराठी येत असेलच असं नाही. 'ऱ्य' चुकला तर तो त्यांच्या नजरेतून सहज निसटेल, माझ्या नाही. कोड लिहिता येत नसला तरी हे काम करता येतं, आणि मराठी रोज वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांखेरीज ते दुसरं कोण करणार?