मॉरिसचा क्लच

आमच्या घराण्याची वाटणी १९९९ साली झाली. पेढी, जमीन, गावातील दोन घरे, फार काय तांब्या-पितळेची भांडीदेखील यादी करून वाटली गेली. वाटायची राहिली ती एकच वस्तू, वडिलांची मॉरिस मायनर. ती माझी की धाकट्या भावाची, याचा निकाल लागला नाही. म्हणून ती दोघांची ठरली. दोघांची म्हणजे कोणाचीच नव्हे, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगायला नको. पेढीमागील गोदामात ती वीस वर्षांहून अधिक काळ ताडपत्रीखाली उभी होती. मी बँकेच्या नोकरीत गावोगाव फिरत राहिलो, भाऊ दुकानात. आमचे बोलणे सणासुदीपुरते उरले होते.

गेल्या वर्षी गोदाम विकायचे ठरले आणि गाडीचा प्रश्न समोर आला. पुतण्याने एका गॅरेजवाल्याला आणून दाखविले. त्याचे मत स्पष्ट होते. इंजिन फिरते आहे, पण क्लच गेलेला आहे, इतक्या जुन्या गाडीचे सामान मिळणार नाही. एखाद्या छोट्या व्हॅनचे इंजिन व गिअरबॉक्स बसवून टाका, गाडी धावू लागेल आणि गिऱ्हाईकही मिळेल. भावाला हे पटले होते. मला पटले नाही, आणि कारण केवळ भावनेचे नव्हते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. परंतु गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. (जाणकार मंडळी ‘व्हिंटेज’ हा शब्द १९३० पूर्वीच्या गाड्यांसाठीच राखून ठेवतात, तो वाद वेगळा.) व्हॅनचे इंजिन बसविले की गाडी धावेल, पण ती मॉरिस राहणार नाही. हा हिशेब मी भावाला मांडून दाखविला. तो म्हणाला, “दादा, मग क्लच तुम्ही दुरुस्त करून दाखवा.”

आपल्या समाजातील बहुतेक घरांत त्या काळी कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट असे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ती गाडी, तिच्याविषयी आपुलकीही होती. वडिलांनी मात्र मुंबईत एका वकिलातीतील साहेबाची मॉरिस जुनी म्हणून घेतली. १९५७ची, ९४८ सीसी इंजिनाची. अलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात प्रथम आली आणि दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. त्यामुळेच तिचे सुटे भाग ब्रिटनमध्ये आजही बनतात. गॅरेजवाल्याचे ‘सामान मिळणार नाही’ हे विधान तेथेच निकालात निघाले.

क्लचचे काम थोडक्यात असे. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील फिरत असते, तिला प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लच प्लेट दाबून धरतात. पेडल दाबले की ती पकड सुटते आणि गिअर बदलता येतो. आमच्या गाडीत पेडल दाबूनही पकड सुटत नव्हती. गिअर टाकला की खर्र असा आवाज. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. आमच्या जुन्या मिस्त्रींनी त्यावर जुनाच उपाय केला. मागची चाके घोडीवर उचलली, इंजिन तापवून बंद केले, टॉप गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबून पुन्हा स्टार्टर मारला आणि चाके फिरू लागताच जोरात ब्रेक. तिसऱ्या खेपेस आतून ‘फट्’ असा आवाज आला आणि प्लेट सुटली.

गाडी गोदामाबाहेर आली, पण चढावर इंजिन ओरडू लागले आणि वेग वाढेना; शिवाय जळका वास. म्हणजे आता उलट दुखणे. आधी पकड सुटत नव्हती, आता पकड धरत नव्हती. पूर्वी गाठी उचलण्यासाठी तुळईला टांगलेली कप्पी अजून होती, तिच्यावर इंजिन काढले. प्लेट तेलाने भिजलेली. या इंजिनात मागच्या बाजूस रबरी सील नसते; दांड्यावरील आटे तेलाला मागे ढकलतात, आणि ते झिजले की तेल झिरपते. ते बाहेर पडावे म्हणून क्लचच्या आवरणाला खाली एक भोक असते आणि त्यात एक स्प्लिट पिन सैल लटकत ठेवलेली असते. गाडीच्या थरथरीने ती हलत राहते व भोक बुजत नाही. कोणीतरी कधीकाळी खालून रंग मारताना ती पिन रंगात गच्च बसविली होती. दोन पैशांची पिन. पण मला तिचे फार कौतुक वाटले. शाखेतही असा एखादा शिपाई असतो, की तो रजेवर गेल्यावरच त्याचे काम कळते.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, म्हणून फुंकर न मारता, तोंडाला फडके बांधून सर्व ओल्या कापडाने पुसले. मागविताना प्लेटचे माप जपले. ९४८ सीसीला सव्वासहा इंची प्लेट लागते, पुढच्या १०९८ सीसीची सव्वासात इंची असते. सोबत नवीन रिलीज बेअरिंग घेतले. यात छर्रे नसतात, कार्बनची कडी घासत असते. म्हणून विनाकारण पेडलवर पाय ठेवला की ती झिजते. “पाय उचल,” हे वडिलांचे वाक्य भावाने त्यांच्याच आवाजात म्हणून दाखविले. बऱ्याच वर्षांनी आम्ही एकत्र हसलो.

बसविण्याचे काम एकट्याचे नव्हे. खराद्याकडून लाकडी दांडा करून घेतला, तो घालून प्लेट नेमकी मध्यभागी धरली, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. इंजिन परत आत सरकविताना त्याचा भार प्लेटवर पडू नये म्हणून भावाने दोन्ही हातांनी गिअरबॉक्स उचलून धरला होता, मिस्त्री व मी कप्पी सांभाळत होतो. पेडलच्या सळईची भोके झिजून लांबट झाली होती, ती वेल्डिंगने भरून पुन्हा पाडली. शेवटी पेडलची मोकळी चाल. मी आत बसून पाय ठेवायचा, भावाने खाली आडवे होऊन नट फिरवायचा. “दाबा... सोडा... अजून?” पाऊण इंच चाल येईपर्यंत अर्धा तास गेला.

मग परीक्षा. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. प्लेट धरत असेल तर इंजिन बंद पडले पाहिजे. ते बंद पडले. गाडी बंद पडली म्हणून पेढे वाटणारे आम्हीच.

गोदामाचा ताबा दिला. माझ्या घराला पायऱ्या आहेत, म्हणून मॉरिस सध्या भावाच्या अंगणात असते, किल्ली माझ्याकडे. गिऱ्हाइकाला नकार भावानेच कळविला. व्हीए क्रमांकाचा अर्ज मी भरून ठेवला आहे. मालकाच्या रकान्यात नाव कोणाचे लिहायचे, हे मात्र अजून ठरायचे आहे.