हाताखालची माणसे

कर्मचाऱ्यांच्या विकासाचा प्रश्न बहुतेक आस्थापनांमध्ये प्रशिक्षण विभागाकडे सोपवलेला असतो. वर्षातून एक-दोन कार्यशाळा होतात, हजेरीपत्रकावर सह्या होतात, प्रमाणपत्रे फाइलला लागतात, आणि ज्या वरिष्ठाच्या हाताखाली माणूस वर्षाचे बाकीचे सगळे दिवस काढतो, त्याचा या व्यवहाराशी काही संबंध आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. वास्तविक नोकरीत माणूस वाढतो की खुंटतो, हे त्याला रोज कोणते काम मिळते, ते कसे दिले जाते आणि त्यात चूक झाली तर पुढे काय होते, यावर मुख्यतः ठरते, आणि या तिन्ही गोष्टी त्याच्या लगतच्या वरिष्ठाच्या हातात असतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेला ही गोष्ट गरजेपोटी ओळखावी लागली. युद्धसामग्रीची मागणी झपाट्याने वाढत होती, अनुभवी कारागीर सैन्यात जात होते आणि त्यांच्या जागी ज्यांनी कारखाना आतून कधी पाहिला नव्हता अशा स्त्रिया आणि पुरुष भरती होत होते. अशा वेळी १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही शासकीय सेवा सुरू झाली आणि १९४५ पर्यंत चालली. नव्या कामगारांना शिकवण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले नाही. तिने सुपरवायझरांना शिकवायला शिकवले, तेही दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत, आणि सेवा बंद होईपर्यंत सुमारे १६,५०० कारखान्यांतल्या १६ लाखांहून अधिक माणसांनी हे शिक्षण घेतले होते. तिची पद्धत चार्ल्स अॅलन या व्यवसायशिक्षकाने पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी वापरलेल्या चार पायऱ्यांवर उभी होती: शिकणाऱ्याला आधी काय येते हे जाणून घेऊन त्याची तयारी करणे, काम सांगत सांगत करून दाखवणे, त्याच्याकडून ते करून घेणे, आणि नंतर त्याला एकट्यावर सोडून, अडल्यास कोणाला विचारायचे हे सांगून, हळूहळू कमी होत जाणारा पाठपुरावा करणे. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कंपनीने ती दीर्घकाळ टिकवली.

या चार पायऱ्यांतली तिसरी सर्वांत कठीण असते, आणि ती का कठीण असते हे लेथच्या शेजारी उभे राहिल्याशिवाय नीट समजत नाही. चार जबड्यांच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, जॉब बांधून तो मध्यावर आणायचा असतो, तेव्हा डायल लावून चक हाताने सावकाश फिरवतात, काटा कोणत्या जबड्यापाशी जास्त सरकतो ते पाहतात, त्याच्या समोरचा जबडा किंचित सैल करून मग हा आवळतात, पुन्हा फिरवतात, पुन्हा पाहतात. किंचित म्हणजे किती, हे शब्दांनी सांगता येत नाही. ते बोटांना कळावे लागते, आणि बोटांना कळायला वेळ लागतो. जुना टर्नर दोन-चार मिनिटांत उरकतो त्या कामाला नव्या मुलाला अर्धा तास लागतो, मशीन उभे राहते, पाळीचे टार्गेट डोळ्यांसमोर दिसत असते आणि सुपरवायझरच्या तोंडून शब्द निघून जातात, “सरक बाजूला, मी लावतो.” जॉब लागतो, उत्पादन सुरू होते, आणि मुलगा जिथे होता तिथेच राहतो. यात सुपरवायझरची वृत्ती वाईट असते असे नाही. त्या घटकेला त्याला वेळेचा हिशेब द्यावा लागतो आणि माणसाचा हिशेब त्याच्याकडे कोणीच मागत नाही.

कार्यालयात हीच गोष्ट टिप्पणीच्या बाबतीत घडते. एखाद्या शासकीय विभागात कनिष्ठ सहायक प्रकरणावर टिप्पणी, म्हणजे वरिष्ठांच्या निर्णयासाठी प्रकरणाचे तथ्य, नियम आणि प्रस्ताव मांडणारे टिपण, तयार करतो. अधिकारी ती वाचतो, लाल शाईने अर्धी खोडतो, स्वतः नव्याने लिहितो आणि फाइल पुढे पाठवतो. कोणता नियम चुकीचा लावला होता, प्रस्तावाचा क्रम का बदलावा लागला, पूर्वीचा कोणता निर्णय पाहायला हवा होता, हे सहायकाला समजत नाही, कारण ती फाइल त्याच्याकडे परत येते तेव्हा तिच्यावर निर्णय झालेला असतो. समोर बसवून दहा मिनिटे बोलले असते आणि दुरुस्ती त्याच्याच हातून करून घेतली असती, तर वर्षभराने त्याची टिप्पणी खोडावी लागली नसती. तरीही हे बहुधा घडत नाही, आणि पुढे तोच अधिकारी हाताखालची माणसे कच्ची असल्याची तक्रार करत राहतो.

चुकीकडे पाहण्याची रीत हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग आहे. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिका-पथकांच्या औषधविषयक चुकांचा अभ्यास केला, तेव्हा उत्तम समजल्या जाणाऱ्या पथकांत चुकांची नोंद जास्त दिसली. त्याचा उलगडा असा निघाला की त्या पथकांत चुका अधिक होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. चूक सांगितल्यावर अपमान होणार नाही या विश्वासाला पुढे ‘मानसिक सुरक्षितता’ अशी संज्ञा मिळाली. आपल्या कारखान्यांत बाद झालेला जॉब गुपचूप स्क्रॅपच्या ढिगात खाली सारणारा कामगार ठिकठिकाणी आढळतो. त्या जॉबबरोबर शिकण्याची संधीही गाडली जाते, आणि तीच चूक दुसऱ्या पाळीत दुसऱ्याच्या हातून होते.

काम सोपवूनच माणूस वाढतो, या विचाराचा महाराष्ट्रातला अस्सल दाखला किर्लोस्करवाडीत सापडतो. तिचे संस्थापक उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला बढती देण्यात आली आणि त्यांनी ती नोकरी सोडली. पात्र माणसाची वाट अडवली म्हणजे त्याचे काय होते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांनी ही वसाहत उभारली तेव्हा माणसे निवडताना पदव्यांचा आग्रह धरला नाही. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक अभियंते म्हणून नावारूपाला आले. दरोडेखोरीची शिक्षा भोगून आलेल्या माणसांकडे वसाहतीची राखण विश्वासाने सोपवली गेली. यामागे केवळ मालकाचा मोठेपणा होता असे मानले, तर त्यातले खरे मर्म निसटते. त्या माणसांना जोखमीचे काम खरोखर देण्यात आले, आणि ते पेलण्याइतका अवकाशही देण्यात आला. विश्वास नुसता बोलून दाखवला असता, तर फळणीकरांमधला अभियंता कोणालाच दिसला नसता.

याच्या नेमके उलट चित्र पाहायचे असेल, तर ज्याच्यावाचून विभागाचे पान हलत नाही अशा कर्मचाऱ्याकडे पाहावे. त्याच्या गुणांची तारीफ होते, अडचणीच्या वेळी त्यालाच हाक मारली जाते, आणि बदलीचा किंवा बढतीचा विषय निघाला की वरिष्ठ तो अलगद बाजूला सारतो, कारण तो गेला तर काम कोण करणार. अशी माणसे दहा-दहा वर्षे एकाच खुर्चीत कौतुकाने जखडलेली असतात, आणि त्यांच्या वरिष्ठांना हा अन्याय वाटतही नाही. व्यवस्थापकाचे वार्षिक मूल्यमापन करताना उत्पादन, खर्च आणि मुदती यांच्या जोडीला त्याच्या हाताखालून किती माणसे वरच्या जबाबदारीवर गेली, हेही विचारले जायला हवे. जोवर ते विचारले जात नाही, तोवर चांगला माणूस अडवून ठेवण्यातच त्याचा फायदा असतो.

या सगळ्या चर्चेत शिकाऊ उमेदवाराचे नाव सहसा येत नाही, आणि ते यायला हवे. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावे लागतात, आणि कायद्यानुसार उमेदवारी संपल्यावर त्यांना नोकरीत घेण्याविषयीचे धोरण मालकाने स्वतः ठरवायचे असते. म्हणजे नोकरीची हमी नसलेल्या या मुलाच्या पदरात पडण्यासारखे असते ते विद्यावेतन आणि कौशल्य, आणि विद्यावेतन महिनाअखेर संपते. भोसरी, चाकण किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात त्याच्या उमेदवारीचा काळ मशीनवर गेला की माल उचलण्यात आणि झाडलोटीत गेला, याची नोंद त्याच्या कागदपत्रांत क्वचितच उतरते. ते पाळीच्या सुपरवायझरवर अवलंबून असते, आणि त्या सुपरवायझरलाही कोणीतरी कधीतरी नीट शिकवले होते की नाही, यावर.